जोडे काढा, साहेब

प्रिय बाबा,

कालचा पेपर माझ्या मांडीवर आहे. पहिल्याच पानावर तुमच्या साहेबांचा फोटो आहे, आपल्या तळ्याच्या पाळीवरचा, आणि साहेब अनवाणी आहेत! खाली लिहिलंय, ‘मातीशी नातं न तोडलेला नेता.’ ते वाचून मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही. हे फॅक्टरीत जायला निघाले होते. म्हणाले, ‘काय झालं?’ त्यांना काय सांगू? हे सांगायचं ते तुम्हालाच.

तुम्ही असता तर फोटो पाहून खूश झाला असता. ‘पाहाय, काढले ना साहेबानं जोडे!’ असं म्हणाला असता. हीच तर माझी तक्रार आहे, बाबा.

तुम्हाला त्या माणसाचं इतकं का वाटायचं, ते मला कळतच नव्हतं असं नाही. मी लहान असताना एका पावसाळ्यात तळं तुडुंब भरून पाळ फुटायला आली होती. तेव्हा साहेब साहेब नव्हते, नुसते निवडणुकीला उभे होते. जीप अड्याळला ठेवून पायी आले, धोतर वर खोचलं आणि तुमच्या शेजारी चिखलात उभं राहून मातीची पोती रचली. पाळ वाचली. त्या दिवशीपासून ते तुमचे झाले. गावातला दिवा त्यांनी आणला, एस.टी. त्यांनी आणली, हे तुम्ही जेवताना, झोपताना सांगायचात. देवाच्या फोटोंच्या रांगेत त्यांचा फोटो लावलात. आई म्हणायची, ‘त्याले उदबत्ती कायले दाखवता? जिता हाय ना तो!’

अर्धा गाव तुमच्यासारखाच होता. उरलेला अर्धा त्यांना शिव्या घालायचा. हुकूमशहा म्हणायचा, अधिकाऱ्यांच्या अंगावर फायली फेकणारा म्हणायचा. तुमचे जिवाभावाचे गोपाळकाका त्या दुसऱ्या अर्ध्यात. दुपारच्या गाडीने भंडाऱ्याहून दोन पेपर यायचे, एक तुमचा आणि एक त्यांचा. पानठेल्यावर बसून तुम्ही दोघं आपापला पेपर मोठ्याने वाचायचात. एकाच सभेची बातमी तुमच्या पेपरात अलोट गर्दीची आणि त्यांच्या पेपरात रिकाम्या खुर्च्यांची. भांडायचात, आणि मग एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचात. तोवर सगळं ठीक होतं.

ते वर्ष मात्र वाईट होतं. मी मॅट्रिकला होते. धान निसवायला आलं आणि पाऊस गेला. तळ्याचं तुडुम उघडून त्या दारातून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायची वेळ आली. गावाचे पाणकर तुम्ही. कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणाला मग, हे तुम्ही ठरवायचात आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. साहेबांच्या माणसांचीही बांधी तुम्ही आधी भरली नाहीत आणि गोपाळकाकांचीही नाही. सगळ्या गावात तेवढ्या एका कामात राजकारण नव्हतं.

साहेब तेव्हा निवडून आलेले, सोबत फोटोवाले. त्यांच्याच हातून तुडुम उघडायचं असं वरून ठरून आलं. सगळा गाव पाळीवर गोळा झाला होता. मी आईजवळ उभी होते, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तुडुमाच्या वर आपली मातामाय आहे, शेंदूर फासलेला तो दगड. तिथं पायात काही घालून कुणी जात नाही, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. साहेब चढले ते काळे, लेसचे जोडे घालूनच चढले. सरळ मातामायच्या पुढ्यात.

त्या क्षणी तुम्ही काय करायला हवं होतं, बाबा? तोंड उघडायचं होतं! एवढंच. तुमच्याने ते झालं नाही. चारचौघांत साहेबांना कसं टोकायचं, त्यांचा मान जाईल, असं तुम्हाला वाटलं. म्हणून तुम्ही गुपचूप खाली बसलात, वाकलात, आणि त्यांच्या जोड्याची लेस सोडायला लागलात.

साहेबांचं लक्ष फोटोवाल्याकडे. कुणीतरी पाय धरून ओढतंय एवढंच त्यांना कळलं. दचकले, तोल गेला, आणि फिरून त्यांनी तुमच्या कानाखाली वाजवली. तो आवाज मी ऐकला. आईने माझा दंड इतका घट्ट धरला, की रात्रभर वळ होते. तुम्ही उठलात, हात जोडलेत, आणि म्हणालात, ‘चुकलं, साहेब.’

काय चुकलं होतं तुमचं?

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेपर आले. तुमच्या पेपरात होतं की विरोधकांनी पेरलेल्या एका दारुड्याने साहेबांना पाय ओढून तळ्यात पाडायचा प्रयत्न केला, तरी साहेबांनी संयम सोडला नाही. दारुड्या! ज्याने आयुष्यात मोहाच्या फुलाचा वाससुद्धा घेतला नाही, तो! आणि काकांच्या पेपरात होतं, पाया पडून पाणी मागणाऱ्या गरीब शेतकऱ्याला साहेबांनी लाथाडलं. लाथ कुठून आली? तुम्ही पाणी कुणाकडे मागणार होता? पाणी तर तुम्हीच सोडणार होता!

जोड्यांचं नाव दोन्ही पेपरांत नव्हतं. मातामायचंही नव्हतं.

मला पेपरवाल्यांचा राग नाही आला तेवढा गावाचा आला. गाव तर तिथेच होता ना, उघड्या डोळ्यांनी! आठवड्याभरात जो तो आपापल्या पेपरातलं ‘पाहिलेलं’ सांगायला लागला. विहिरीवर एकजण आईला म्हणाली, ‘पेले होते म्हणतात ना तुमचे?’ दुसरी म्हणाली, ‘नाई वं, लाथच मारली, म्या पाह्यली!’ आई भरलेला हंडा तिथंच ओतून घरी आली, ती पुन्हा त्या विहिरीवर गेली नाही. न्हाव्याकडे लाथ की थप्पड यावरून दोघांची डोकी फुटली. आणि गोपाळकाका? ते तर तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. तेही पानठेल्यावर लाथेची गोष्ट रंगवून सांगायचे, तुमच्याकडे न बघता.

भंडाऱ्याचा एक बातमीदार घरी आला, आठवतं? तुम्ही त्याला खाटेवर बसवलंत, चहा पाजलात आणि सगळं नीट सांगितलंत. ‘मी जोडे काढून राहिलो होतो, बाबू. मातामायपुढं जोडे नाही चालत. साहेबाले तरास नको म्हणून मीच काढून राहिलो होतो.’ त्याने लिहायचं थांबवून विचारलं, ‘पण मारलं की नाही ते सांगा.’ तुम्ही म्हणालात, ‘हात लागला. पण जोड्याचं लिवजा.’ आठ दिवस तुम्ही गाडीची वाट पाहत पानठेल्यावर जाऊन बसायचात. काहीही छापून आलं नाही. जोड्यांची कुठं बातमी होते!

मग विरोधकांची माणसं आली. गालाला पट्टी बांधून तुम्हाला सभेत उभं करायचं होतं त्यांना. तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. साहेबांची माणसं आली. ‘पाय घसरला म्हणून साहेबांचा पाय धरला’ असं चार लोकांपुढं सांगा म्हणाली. तुम्ही म्हणालात, ‘माहा पाय नाई घसरला.’ त्यांनाही परत पाठवलंत. त्या दिवशी मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता! पण त्याच संध्याकाळी तुम्ही साहेबांच्या फोटोला उदबत्ती लावलीत. मी विचारलं, ‘बाबा, याले काहून?’ तुम्ही म्हणालात, ‘साहेब इसरला असन, पोरी. मागं चिखलात आला तवा तं अनवाणीच होता.’

असं कसं हो इतकं भलं असावं माणसानं? कुणाच्या भल्यासाठी?

त्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत तर कहर झाला. पाहुणेरावळे आलेले, दंडारीचा खेळ रंगात आलेला, आणि सोंगाड्याने नवं सोंग काढलं. एक साहेब, एक शेतकरी. शेतकरी झिंगत येतो, पायाला मिठी मारतो, साहेब फाडकन् वाजवतो. गाव लोळून लोळून हसला, दोन्हीकडचा गाव हसला! आणि तुम्ही पुढच्या रांगेत बसून हसत होता. मी तुमच्याकडेच बघत होते. तोंड हसत होतं, आणि हाताने पटक्याचं टोक इतकं पिळत होता, की ते फाटलं. घरी आल्यावर आईने ते शिवलं.

पुढच्या हंगामाला गावाने तुम्हाला पाणकर केलं नाही. ‘वादातला माणूस नको’ म्हणाले. साहेबांच्या लोकांना तुम्ही विरोधकांचे वाटत होता, विरोधकांना साहेबांचे. ज्याच्या हातचं पाणी सगळ्यांना चालत होतं, त्याच्या हाताचा एकालाही भरवसा उरला नाही. थप्पड तुम्ही पचवलीत, हे पचलं नाही. पाणी सुटायच्या दिवशी तुम्ही घरात तोंडावर धोतर घेऊन पडून राहायचात. शेवटच्या दुखण्यातही आईला तुम्ही एवढंच विचारलंत, ‘तुडुम कोनं सोडलं यंदा? खालच्या बांध्याले पुरलं का?’

आता मी हे का लिहितेय ते ऐका.

तुमचे साहेब पक्ष बदलून गोपाळकाकांच्या पक्षात गेले. हो! आता काकांचा पेपर त्यांच्या आरत्या ओवाळतो. तुमच्या पेपरानेही जुनं सूत तोडलं नाही. त्यामुळे दोन्ही पेपरांत साहेबच साहेब. तुडुमाला आता लोखंडी चाक बसवलंय, ते फिरवायला साहेब येणार म्हणून मला इथे जवाहरनगरला निरोप आला. ‘तुमच्या वडिलांच्या आठवणीत शाल-नारळ द्यायचा आहे.’ हे म्हणाले, जाऊ नकोस. मी गेले.

मांडवात साहेबांनी भाषण केलं. सुटलेत बरेच, आवाज मात्र तोच. म्हणाले, ‘याच पाळीवर एका भोळ्या शेतकऱ्यानं माझे पाय धरले होते. मी त्याला उठवून छातीशी धरलं. ते प्रेम मी आयुष्यभर विसरलो नाही.’ टाळ्या पडल्या, बाबा. ज्यांनी दंडारीत हसताना पोट धरलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आईने शाल घेतली नाही. डोक्यावरचा पदर घट्ट करून बसूनच राहिली. म्हणून मीही उठले नाही.

मग सगळे पाळीकडे निघाले. मी पुढे झाले, चपला खाली काढल्या आणि मातामायजवळ जाऊन उभी राहिले. साहेब चढले. पायात जोडे! पुन्हा जोडे! फोटोवाले सरसावले. मी म्हटलं, मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘साहेब, ही मातामाय आहे. जोडे काढा.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. ‘अरे हो हो,’ म्हणाले, आणि उभ्या उभ्या एका पायाने दुसऱ्या पायातला, असे दोन्ही जोडे काढून ठेवले.

झालं. एवढंच होतं ते, बाबा. एका वाक्याचं काम होतं. त्या न बोललेल्या वाक्यापायी तुमचं नाव गेलं, तुमचं तुडुम गेलं, आईची विहीर सुटली, आणि त्या माणसाला ते वाक्य ऐकायला काहीसुद्धा जड गेलं नाही! त्यांना आठवलंसुद्धा नाही मी कोण ते. मी तिथं उभी राहून रडले, आणि लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीने रडतेय.

परत निघताना गोपाळकाका आले. काठी टेकत, मान खाली. म्हणाले, ‘कुंदे, तुहा बाप जोडेच काढून राहिला होता. मी बाजूलेच होतो ना.’

‘मग काका, तवा काहून नाई सांगतलं?’

काका अगदी साधेपणाने म्हणाले, ‘तवा आमच्या पेपरात तसं नोतं ना, पोरी.’

एस.टी. लागली होती, मी चढले.

आणि काल हा फोटो. दोन्ही पेपरांत तोच. कुणाच्या सांगण्यावरून अनवाणी, ते नाही. मी फोटोत नाही. मातामायचा दगडही कापलाय, नुसते साहेबांचे पाय आहेत.

घरात साहेबांचा तो जुना फोटो तुमच्या फोटोशेजारी लावलेला होता, तो मी त्या दिवशी एस.टी. धरण्याआधीच उतरवून आणला. रागावू नका. रागावलात तरी चालेल. तुम्ही कुणावर रागावलेलं मला एकदा बघायचंच होतं.

आता एक वचन देते. दरवर्षी तुडुम उघडेल त्या दिवशी मी गावाला येईन आणि तुमच्या जागेवर उभी राहीन. साहेब येवोत, त्यांचा मुलगा येवो, कुणीही येवो. त्यांचे जोडे तेच काढतील. पेपरात येवो न येवो, मी तोंडाने सांगेन. तुम्ही वाकला होता त्या ठिकाणी, बाबा, आपल्या घरातलं कुणी पुन्हा वाकणार नाही.

तुमचीच, पण तुमच्याइतकी भली नसलेली,
कुंदा