फिल्टरमधला झेंडू

अवधूत,

टेबलावर पेपरवर ठेवलेलं काळं लक्तर नीट बघ. तुझ्या गाडीच्या एसीचा जुना फिल्टर आहे. गॅरेजवाल्या अल्लाबक्षला बोलावून मी आज नवा बसवून घेतला. तुला न विचारता.

तुमची ओवी गाडीत शिंकते ती माझ्या डोक्याच्या माक्याच्या तेलानं, असं तू आणि तनया ठरवून मोकळे झालात. वर आज तनयाच्या भावाच्या साखरपुड्याला मला सांगतोस, "आई, तू मागून रिक्षानं ये." शोभलं हो!

आता त्या फिल्टरात काय कुजलंय ते बघ. झेंडूच्या पाकळ्या! दसऱ्याला गाडीच्या पुढच्या काचेखालच्या जाळीत हार कोंबून पूजा कोणी केली होती? मी नाही केली. पण तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला माझं डोकं हुंगायचं सुचलं, गाडीचा कप्पा उघडायचं नाही.

नव्या फिल्टरवर अल्लाबक्षनं आम्हाला कर्वेनगरात चक्कर मारून आणली. मी डोक्यावर तेल थापून ओवीला चिकटून बसले होते. पोरगी एकदाही शिंकली नाही.

आता मी नऊवारी नेसून खाली जाते आणि गाडीत पुढच्या सीटवर बसते. उठवायचं असेल तर सगळ्या सोसायटीसमोर उठव.

आई