सर्वानुमते

मी, लच्छू सोमाजी निखाडे, वय चौऱ्याहत्तर, कोळसा खाणीतला निवृत्त पंप खलाशी, राहणार माजरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलगी मंजुषा हिला. बैठकीच्या खोलीतला युनियन अध्यक्षांचा फोटो तिने उतरवावा. खिळा मजबूत आहे, तो राहू द्यावा.

२. पाने-पकडी जावई निकेश यांना. आजवर न विचारता नेल्या, आता हक्काने न्याव्यात.

३. युनियनची १९८८ची ठराव-वही माझ्याकडे आहे. ती कार्यालयात परत द्यावी व हे कलम तिथे मोठ्याने वाचावं. पोचू दुर्गे मॅनेजमेंटचा खबऱ्या आहे, असं अध्यक्ष म्हणाले. पुरावा काहीच नव्हता. तरी त्याला गद्दार ठरवणाऱ्या ठरावाला आम्ही कार्यकारिणीतल्या सातही जणांनी हात वर केले. वहीतला 'सर्वानुमते' हा शब्द माझ्या अक्षरात आहे, कारण सचिव मीच होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत खाणीत पोचूसोबत कोणी डबा उघडला नाही. मीही नाही.

४. माझी रशियावरची सगळी पुस्तकं पोचूला. निवृत्तीनंतर तो आपणहून टपरीवर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काऊन गा लच्छूभाऊ, रशियात बिनकसूर लोकांले गद्दार ठरवून मारलं, ते एकट्या स्टालिननंच काय?" मी म्हणालो, एकट्यानेच. त्यावर चौदा वर्षं आम्ही भांडलो. तो विचारायचा, "मंग बैठकीत हात कोणाचे वर होते?" मी म्हणायचो, "अरे, बिचारे भीत होते!" तो स्टालिनबद्दल विचारत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी स्टालिनबद्दलच बोलत राहिलो. याची मला फार लाज वाटते. पोचूचं बरोबर होतं. मी भीत होतो हे खरं, पण हात माझाच होता.

दुरुस्ती: कलम ४ मधील पुस्तकं आता मंजुषाला. रद्दीत देऊ नयेत. कारण असं की, वरचा मजकूर वाचून पोचूने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितला. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकीलबाईंनी त्याला समजावलं. तो म्हणाला, "त्या दिवशी मले खोलीबाहेर उभं ठेवलं होतं. आज मी इथी आहो. पुस्तकं नाई पाह्यजे, सही करतो."

ही दुरुस्ती मला मान्य आहे.

ठिकाण: माजरी, ता. भद्रावती
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४

(सही) लच्छू सोमाजी निखाडे

साक्षीदार:
१. (सही) अ‍ॅड. दिव्यानी कोवे
२. (सही) पोचू मल्लय्या दुर्गे