वाफ्यातल्या खुर्च्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. भाडं वाढवू नका म्हटलं, तर मालक म्हणाले, ‘बघू.’ म्हणजे संपलंच! नव्या वर्षापासून जमिनीचं भाडं दुप्पट. भरता आलं तर करार पुढे, नाहीतर शेत रिकामं करा. ‘तुमच्या संस्थेचं काम चांगलंच आहे हो, पण मलाही संसार आहे.’ संसार म्हणे. तिमजली बंगल्यात दोन माणसं राहतात.

वन्संना जाऊन सांगितलं. त्या मुळ्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘माती उचलून नेता येत नाही गं.’ आणि पुन्हा मुळे उपटायला लागल्या. मला रडू आलं ते घरी, भांडी घासताना.

माझी ही नणंद शिक्षिकेची चांगली नोकरी सोडून या तुकड्यावर आली, तेव्हा इथे नुसता बांधकामाचा राडारोडा होता. बाईचं डोकं फिरलंय असं सगळे म्हणाले. त्यात मीही होते. पालापाचोळा, शेण, घराघरांतली सालं घालून घालून तिने माती अशी केलीय की हात कोपरापर्यंत आत जातो. औषध नाही, फवारणी नाही. निम्मी भाजी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला फुकट, निम्मी आसपासच्या घरांना. वन्सं पिकवतात, मी लोकांपुढे हात पसरते. आमची अशी वाटणी आहे.

६ नोव्हेंबर

समितीची बैठक, नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या दवाखान्यात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, बसायला खुर्च्या कमी, त्यामुळे एकाला त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत बसावं लागतं. आज माझा नंबर. छताकडे बघत बोलले म्हणून की काय, पण मला सुचलं!

शेतात जेवण ठेवायचं. एकच लांबलचक टेबल, शेताच्या मधोमध, चारी बाजूंनी उभं पीक. ताटात जे येईल ते इथलंच — भाजी आमची, पाव कोपऱ्यावरच्या बेकरीचा, मध शेजारच्या पेट्यांमधला. तिकीट चांगलं दणदणीत. ‘लोक जेवणाचे नाही, त्या जागेचे पैसे देतील,’ मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ‘वा! आणि मालकांना पहिली खुर्ची.’

आता हे जमलंच पाहिजे. दुसरं काही हातात नाही.

८ नोव्हेंबर

‘मधोमध म्हणजे कुठे?’ वन्संनी विचारलं. त्यांना कळलं होतंच.

मधला मोठा वाफा. गाजरं निघाली, तेवढाच रिकामा आहे. आणि तोच त्यांचा सगळ्यात लाडका. इथला नियम एकच — वाफ्यात पाय टाकायचा नाही. मध्ये फळ्या टाकल्यात, त्यांवरून चालायचं. डॉक्टर असोत, मालक असोत, ‘फळीवरून या!’ अशी हाक येतेच. माझा नवरा घरी बहिणीची नक्कल करत फरशीच्या एकाच रांगेवरून स्वयंपाकघरात येतो.

मी हातापाया पडले. फक्त या एकदाच. संध्याकाळी म्हणाल्या, ‘बरं.’ ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतंय.

१५ नोव्हेंबर

तिकिटं खपत नाहीत! फोन करकरून कान गरम झाला. ‘पाऊस आला तर?’ ‘डास असतील ना?’ ‘एवढ्या पैशात गाजरंच खायची?’ एकीने विचारलं, पार्किंग आहे का. एकाने तर मलाच त्याच्या संस्थेची दोन तिकिटं विकायचा प्रयत्न केला.

वन्सं रोज हॉस्पिटलची भाजी भरून देतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी ‘चाललंय’ म्हणते. काही चाललेलं नाही.

१९ नोव्हेंबर

बेकरीवाल्याने आपल्या गिऱ्हाइकांना सांगून अर्ध्या खुर्च्या भरून दिल्या. त्याच्या दुकानातच रडले मी, पावाच्या ट्रेपाशी. त्याने गरम पाव हातात दिला.

२२ नोव्हेंबर

मेले! मेले मेले मेले.

आज रंगीत तालीम. भाड्याने सांगितलेल्या खुर्च्यांतल्या थोड्या आणल्या, टेबलाचा एक तुकडा मांडला, समितीला सूप वाढलं. डॉक्टर बसले. आणि हळूहळू खाली जायला लागले! खुर्चीचे मागचे दोन पाय मातीत, डॉक्टर आकाशाकडे, सूप मांडीवर. ‘अहो मला धरा!’ धरायला गेलेली खजिनदारही कलली. टेबलसुद्धा एका बाजूने बसलं.

वन्सं हसत सुटल्या. किती दिवसांनी! ‘बघितलंत, माती कशी झालीय ते?’ शाळेत पहिली आलेल्या पोरीसारखा चेहरा. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. खुर्च्यांच्या पायांखाली फरश्या घातल्या — त्याही तिरक्या होऊन आत गेल्या. फळ्या घातल्या — सगळं डुगडुगतं, पेले लवंडतात. टेबल दुसरीकडे हलवावं तर सगळीकडे पीक उभं. वाटेवर मांडावं तर चार माणसं मावतात.

असली अडचण जगात आणखी कुणाला आली असेल? माती फार चांगली झाली म्हणून शेत जायची वेळ!

२४ नोव्हेंबर

खेळाच्या मैदानावर माती दाबायचा लोखंडी रोलर आहे. माळ्याला विचारून आले. द्यायला तयार आहे.

वन्सं म्हणाल्या, ‘नाही.’

मी म्हटलं, एका वाफ्याचा प्रश्न आहे.

‘नाही म्हटलं ना. एकदा दाबली की मरते ती.’

मग माझा तोल गेला. ‘एक वाफा हवा की सगळं शेत, ते तुम्हीच ठरवा! दर वेळी भीक मी मागायची आणि हट्ट तुम्ही करायचे!’ हे असंच बोलले. वयाने एवढ्या मोठ्या बाईला. त्या अवजारांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी राहिले, आत जायचं धाडस झालं नाही.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, ‘तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही.’ आजवर कधी पडलाय?

२६ नोव्हेंबर

सकाळी गेले तर रोलर शेतात. वन्संनी स्वतः जाऊन आणला होता. माळी ओढायला तयार होता, त्याला हातसुद्धा लावू दिला नाही. ‘ही माती माझीच आहे, मीच दाबते.’

पाणी मारून, थांबून, पुन्हा पुन्हा ओढला. मध्येच थांबायच्या, वाकायच्या, काहीतरी उचलून बादलीत टाकायच्या. जवळ जाऊन पाहिलं. गांडुळं! दाबामुळे वर येत होती. एक एक वेचून शेजारच्या वाफ्यात नेऊन सोडत होत्या. मी पण वेचायला बसले. दुपारी डब्यातली पोळी त्यांनी मोडून अर्धी मला दिली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झालं! सगळं झालं! एक खुर्ची रिकामी नव्हती. उद्या लिहीन. पाय तुटताहेत.

३० नोव्हेंबर

कुठून सुरू करू! उन्हं कलताना टेबलावर पांढऱ्या चादरी, बाटल्यांत शेपूची फुलं, झाडांवरून दिव्यांच्या माळा. भोपळ्याचं सूप, भाजलेली गाजरं, बीट, मध लावलेला पाव. लोकांचा आवाजच बंद झाला, नुसते चमचे वाजत होते. पार्किंगवाली बाई दोनदा सूप मागून घेऊन गेली. हॉस्पिटलचा आचारी चार वाक्यं बोलला आणि खाली बसला — त्यानंतर लोकांनी पाकिटं पुन्हा उघडली. भाडं निघालं. निघून उरलं!

आणि मालक! मला वाटलं होतं, येऊन तोंड दाखवून जातील. शेवटपर्यंत होते. माळा कुणाकडून आणल्या, टेबल कितीला पडलं, पाहुणे आणखी असते तर कसं बसवलं असतं — सगळं विचारून घेतलं. मग उठून वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मध्ये थांबून बुटाची टाच आपटून पाहिली. ‘एकदम पक्की जमीन आहे!’ बायकोला बोलावून दाखवली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘मी चुकलो होतो. या जागेत काय आहे ते आज कळलं.’

मी धावत जाऊन वन्संना सांगितलं. त्या भांडी विसळत होत्या. ओल्या हातांनीच माझा गाल धरला.

२ डिसेंबर

मालकांचा फोन नाही. डॉक्टर म्हणतात काळजी नको, माणूस पाघळलाय. त्यांनी दवाखान्यात केक आणला — दातांच्या दवाखान्यात! तरी मी फोन उशाशी घेऊन झोपते. करार हातात येईपर्यंत असंच.

वन्सं निवांत आहेत. दाबलेला वाफा टिकावाने फोडायला घेतलाय. ढेकळं दगडासारखी निघतात. ‘दोन-तीन वर्षं लागतील,’ म्हणाल्या, अगदी आनंदाने.

४ डिसेंबर

फोन आला. करार देताहेत. पाच वर्षांचा, आणि भाडंही नको म्हणाले. ‘सगळंच तसं दाबून सपाट करून घ्या. मधल्यासारखं. लग्नं, वाढदिवस, पार्ट्या — लोक रांगा लावतील. भाजी हवी तर कडेने ठेवा, शोभेला. व्यवस्था तुम्हीच बघायची, तुमच्याइतकी कुणाला जमणार नाही.’ संस्थेलाही वाटा देणार आहेत. डॉक्टरांना आधीच विचारलंय. डॉक्टर हो म्हणालेत.

तशीच शेतावर गेले. वन्सं मधल्या वाफ्यात बसून हाताने ढेकळं चुरत होत्या. शेजारच्या वाफ्यातली गांडुळं बादलीतून परत आणून सोडत होत्या. मी सरळ त्यांच्याकडे निघाले.

‘अगं, फळीवरून ये!’