आईच्या पेशींचं काय करायचं

मी, डॉ. माया बाळासो मेटकरी, वय सत्तावन्न, मूळ गाव आटपाडी, सध्या राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढणार आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या मते ती कलम चारपर्यंत शाबूत आहे, पुढचं वाचणाऱ्याने ठरवावं.

१. विश्रामबागेतला फ्लॅट सामानासकट माझा भाऊ तानाजी याची मुलगी साक्षी हिला द्यावा. तिचं लग्न झालं तरी आणि नाही झालं तरी तो तिच्या एकटीच्या नावावर राहील.

२. आटपाडीच्या जमिनीवरचा हक्क मी पूर्वीच सोडला आहे. तानाजीला या पत्रातून काही मिळत नाही, म्हणून त्याला साक्षीदार करायला हरकत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या.

३. माझा जुना सूक्ष्मदर्शक गावच्या मुलींच्या शाळेला द्यावा. पाहुण्यांना दाखवायला कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नये.

४. माझे माजी वरिष्ठ डॉ. जयराज यांनी माझ्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव आधी घातलं होतं. ते शोकसभेला नक्की येतील. त्यांना चहा द्यावा, माइक देऊ नये.

५. आता आईचं. माझी आई तानुबाई हिला हाच रोग झाला होता. तिचा स्तन काढला तेव्हा गाठीचा आणि शेजारच्या निरोगी भागाचा तुकडा तिने मिरजेच्या आमच्या प्रयोगशाळेला दिला. दुधाच्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्यातली नेमकी कोणती पेशी आधी बिघडते, हे शोधण्यात माझी निम्मी हयात गेली. माझा संशय दूध करायला निघालेल्या, पण अजून पुरत्या तयार न झालेल्या पेशींवर आहे. सिद्ध झालेलं नाही. संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना आई म्हणाली होती, "तू ज्यातलं प्यालीस त्येच हाय हे. ने."

त्या पेशी आम्ही वाढवल्या, काही अतिथंड टाकीत गोठवून ठेवल्या. मग आई गेली. घरात सगळे रडत होते, तेव्हा समजूत घालायला म्हणून मी तानाजीला सांगितलं की आईच्या पेशी अजून जिवंत आहेत, वाढताहेत. शास्त्रज्ञाने सुतकात बोलू नये हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दहाव्याला माणगंगेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. मेंढरं विकणार नाही, साक्षीला शिकवीन, आक्काला अंतर देणार नाही, सगळी वचनं तानाजीने देऊन पाहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, तिचं जित्तं काय तरी तुझ्याकडं अडकलंय. मग ती जाईल कशी?"

तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्या पेशी जिवंत नाहीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? जिवंत आहेत म्हणून तर माझं काम चालतं. आणि ती आई नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना ठणकावून सांगत आले. हल्ली स्वतःच्या गाठीवर हात गेला की तेही ठाम म्हणवत नाही. मला खरंच कळत नाही.

६. आम्हा दोन्ही मुलांनी संमती मागे घेतली तर प्रयोगशाळा त्या पेशी नष्ट करील. तसा अर्ज माझी सही करून सोबत जोडला आहे. तानाजीने त्यावर सही केली तर आईला मोकळं करावं, नाही केली तर संशोधन चालू ठेवावं. याआधी हे कलम मी एकदा 'ठेवाव्यात' असं लिहिलं, एकदा 'नष्ट कराव्यात' असं. दोन्ही वेळा मनापासून लिहिलं.

७. हे कलम आज तानाजी सांगलीला आल्यावर घातलं. त्याने सगळं वाचलं, कलम सहा पुन्हा वाचलं. तो पेन मागेल असं मला वाटलं. त्याने विचारलं, "साक्षीला बी व्हईल का गं हे?"

माहीत नाही, मी म्हणाले. आईला झालं, मला झालं, तेव्हा तिला जपायला हवं. सुरुवात कुठल्या पेशीत होते ते कळलं तर कदाचित आधीच अडवता येईल. पण ते अजून कळलेलं नाही, हे मी त्याला सरळ सांगितलं.

"मग ऱ्हाऊ दे आईचं," तो म्हणाला. "नातीसाठी थांबंल ती."

सबब कलम सहा रद्द. आईच्या पेशी ठेवाव्यात. माझ्या गाठीचाही तुकडा त्याच टाकीत, तिच्या शेजारी ठेवावा.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : सांगली
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) डॉ. माया बाळासो मेटकरी

साक्षीदार :
१. (सही) तानाजी बाळासो मेटकरी, आटपाडी
२. (सही) ॲड. सोनम लालासाहेब पवार, इस्लामपूर