घाटातली डबल बेल

अमरावती,
३ एप्रिल २०२५

पायलच्या आजोबांना सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो फोनवर मिळाला. रवीने चार दिवसांसाठी चाकांवरचं घर भाड्याने घेतलं, त्यात शेगडी, पलंग, संडास सगळं आहे म्हणता. एसटीतून रिटायर झाल्यावर अखेर तुम्हाला सोयीची गाडी मिळाली. फक्त ती तुम्ही चालवायची नाही.

आता नीट ऐका. विशीतल्या रवीला तुम्ही चिखलदऱ्याच्या घाटात गाडी शिकवायला नेलंत आणि तिसऱ्याच वळणावर आरडाओरडा करून सीटवरून उठवलंत. तेव्हापासून अठरा वर्षं तुम्ही शेजारी असताना पोराने स्टिअरिंगला हात लावला नाही. तिकडे त्यांच्या घरी, फ्रीमाँटमध्येही, तुम्हाला कुठे न्यायचं तर सूनबाई हर्षिताच गाडी काढते. आता त्याने आपणहून तुम्हाला शेजारी बसवलंय. पुन्हा ओरडलात तर परत कधी बसवणार नाही. तुमच्याच गाडीत लिहिलेलं असायचं, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. तीस वर्षं लोकांनी पाळलं, चार दिवस तुम्ही पाळा.

माझा गुडघा ठीक आहे. लोभ आहेच, तोंडाला कुलूप लावलंत तर वाढेल.

रत्ना


ओटमन, ॲरिझोना,
६ एप्रिल २०२५

प्रिय रत्नास जय भीम. वि. वि.

कुलूप लावलं. वाळवंटातला हा जुना रूट ६६ तासन् तास सरळ जातो, तिथे गप्प बसणं सोपं होतं. मग डोंगर आला. अरुंद रस्ता, एका बाजूला दरी, कठडा नावालाही नाही. पूर्वीच्या गाड्या म्हणे हा घाट रिव्हर्समध्ये चढायच्या. रवीने खिंडीपर्यंत छान चढवली. मी जीभ दाताखाली धरून होतो.

उतारावर मात्र त्याने ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. दोन वळणांत ब्रेक जळल्याचा वास आला. बोलावं तर तुझी शपथ, न बोलावं तर सगळे दरीत. पायलने पोहे खाल्लेली स्टीलची थाळी समोर होती. मी चमचा उचलला आणि एकदाच वाजवला. टण्ण!

लहानपणी माझ्या बसच्या बॉनेटवर बसून फिरलेला पोरगा तो. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, हे त्याच्या हाडात आहे. पुढच्या रुंद जागेवर त्याने गाडी घेतली, इंजिन बंद केलं. पायल इंग्रजीत विचारत होती, आजोबांना काय झालं. मी गप्प. शेवटी त्यानेच विचारलं, बाबा, काय चुकलं? गाडी उभी होती, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. मी सांगितलं, ज्या गिअरमध्ये चढवलीस, त्याच गिअरमध्ये उतरव. एवढंच बोललो. आवाजसुद्धा चढवला नाही, हर्षिताला विचार.

तासभर ब्रेक गार होऊ दिले. मग रवीने पट्टा लावला, गाडी सुरू केली, पण हलवेना. माझ्याकडे बघत बसला. मला जरा उशिराच कळलं. मी डबल दिली. टण्ण टण्ण! तेव्हा कुठे निघाला.

या गावात गाढवं रस्त्यावर मोकळी हिंडतात. एकाने खिडकीतून तोंड घालून माझी पोळी नेली. फार हसलो.

जय भीम. लोभ वाढव, मी माझं काम केलंय.

रामभाऊ


अमरावती,
८ एप्रिल २०२५

पायलच्या आजोबांना सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. गाढवाने नेलेली पोळीसुद्धा लिहिलीत. पण गावात उतरल्यावर तुम्ही रवीच्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, पोटातलं पाणी हललं नाही रे, हे का गाळलंत?

त्याचा फोन आला होता. हे वाक्य त्याने मला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्याला पुरं करता आलं नाही. मीही फोन ठेवून रडून घेतलं. ब्रेक जळले आणि म्हणे पाणी हललं नाही! साफ खोटं आहे. अठरा वर्षांपूर्वीच बोलायचं होतंत.

तो म्हणतो, परतीला बाबा शेजारीच बसणार, आणि गाडी चालू असताना बोलले तरी चालेल. तुम्ही मात्र जपूनच बोला.

ती थाळी नि तो चमचा हर्षिताकडून मागून ठेवा. पुढच्या वर्षी गुडघा म्हणो काहीही, मी येतेय. तुम्ही मागे पायलपाशी बसा. डबल मी देईन.

तोवर लोभ माझ्यावर कमी झाला तरी चालेल, त्याच्यावर असाच राहू द्या.

रत्ना