पोर्तुगालला आपलं कोण आहे?

वर्तकनगर, ठाणे
होळीच्या आधीचा शुक्रवार, १९९६

चि. सौ. मालूस तुझ्या मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या मालकांना नमस्कार, त्यांचा खोकला होळीआधी बरा होवो. माझ्या गुडघ्यांचं विचारशील तर ते आहेत तिथेच आहेत, एक चढताना कुरकुरतो आणि दुसरा उतरताना. मी मात्र आनंदात आहे, इतकी की परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी पिऊन टाकला. फोन का नाही केला म्हणशील, तर आमचा फोन बैठकीत आहे आणि मी 'हॅलो' म्हटलं की घरातले सगळे टीव्ही बारीक करतात. (शेजारच्या विमलाबाई दाराशी येऊन उभ्या राहतात त्या वेगळ्याच.) म्हणून दुसरीपर्यंत जेवढं शिकले तेवढं सगळं खर्चून लिहिते आहे, सांभाळून घे.

तर माझी नात चित्रा परदेशी चालली. वागळे इस्टेटमधली तिची काँप्युटरची कंपनी तिला जर्मनीला शिकायला पाठवते आहे. शिकून झालं की रजा घ्यायची, पाठीवर पिशवी टाकायची, मनाला येईल त्या देशात हिंडायचं आणि धर्मशाळेत पथारी टाकायची, असा तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा बेत. हे ऐकून तिच्या बापाला, आमच्या प्रभाकरला, पंख्याखाली घाम फुटला. मला हिंडण्याचं काही वाटलं नाही, पण पिशवी पाठीवर कशाला? पाठीमागचं आपल्याला दिसतं का? आपण दोघींनी जन्मभर टोपली डोक्यावर घेतली. मान ताठ, हात मोकळे, आणि गिऱ्हाईकाने भाव पाडला तर बोटं नाचवायची सोय. पण हल्लीच्या पोरींना कोण सांगणार.

मग घरात नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून सूनबाईंनी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले, त्यात एक अख्खा देश झाकला गेला, त्याचा पुढे कोणी विचारच केला नाही. प्रभाकरचा कायदा एकच, जिथे आपलं माणूस आहे तिथेच जायचं. "परमुलखात ताप आला तर पेज कोण देणार?" हे त्याचं म्हणणं. (त्याला इथे घरी ताप येतो तेव्हा पेज मी देते आणि तो ती पीत नाही.) मग आपली माणसं शोधायला सुरुवात झाली. त्याच्या साहेबांचा मेहुणा बेल्जमला हिऱ्यांच्या पेढीत निघाला, बेल्जम पास. विमलाबाईंचा दीर स्वित्झर्लंडला हॉटेलात निघाला, तोही देश पास. मी विचारलं, तिथे समुद्र कुठल्या बाजूला? म्हणाले, समुद्र नाही, बर्फ आहे. म्हणजे म्हावरं नाहीच आणि नुसता बर्फ घेऊन बसलेत! असला देश मला कोणी आंदण दिला तरी मी घेणार नाही. लंडनला तर अर्धी सोसायटी निघाली, पण तिथली महागाई ऐकून लंडन गळालं, आणि ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांनी आम्हाला जिन्यात ओळख देणं सोडलं.

आता एकदा माणूस निघाला की मागोमाग त्याचा डबा निघतो, हे तुला सांगायला नको. साहेबांच्या घरून मेहुण्यासाठी भाजणी आली, लिंबाचं लोणचं आलं. विमलाबाईंनी सोडे आणि सुकट तीन पिशव्यांत घालून आणली, तरी वास दारातून आधी आत आला. कोणा बाळाची कानटोपीही आली. चित्राची पिशवी अजून दुकानातच होती आणि इकडे ती भरूनसुद्धा झाली. देश कसे ठरतात ते मला या वयात कळलं, डबा जाईल तिकडे पाय. पोरगी रडकुंडीला आली. "आजी, मी फिरायला चाललेय की टपाल वाटायला?"

त्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि एका पुस्तकातला फोटो दाखवला. देश पोर्तुगाल. अगं बाय, काय सांगू तुला! समुद्राकाठी बायका, परकर वर खोचलेले, डोक्याला फडकी, आणि पुढ्यात मासळी फाडून उन्हात वाळत घातलेली. एकीचा हात कमरेवर आणि तोंड उघडं, गिऱ्हाईकाला काय सुनावत होती ते मला फोटोतून ऐकू आलं. आपली आईच गं, फक्त जरा गोरी. चित्रा म्हणाली, "बाकीचे देश मी बाबांसाठी बघेन, हा मला माझ्यासाठी बघायचाय." मी म्हटलं, माझ्यासाठीही बघ. ती मासळी कोणती ते फोटोत कळत नाही, आणि वाळवताना त्या मीठ आधी लावतात की नंतर, तेही कोणीतरी जाऊन विचारायला हवं.

प्रभाकरने ऐकलं आणि तो उठून उभाच राहिला. ज्यांना वसईतून घालवायला आपल्या लोकांनी रक्त सांडलं, त्यांच्या दारात माझी मुलगी पिशवी घेऊन जाणार? बरं, ते सोडा. "पोर्तुगालला आपलं कोण आहे?"

पोरीचा चेहरा उतरला. आणि देवाची कृपा बघ, मला नेमका तेव्हाच महिपत आठवला! तुझ्या नणंदेच्या दिराचा मुलगा गं, तुमच्या कोपरचाच. बोटीवर नोकरीला लागला, पोर्तुगालला उतरला आणि तिथेच राहिला. बंदरात मोठ्या हुद्द्यावर आहे, स्वभावाने गरीब, दारूला शिवत नाही, आईला नेमाने पत्र टाकतो. मी सांगत गेले तसतसा प्रभाकर निवत गेला. म्हणाला, "एवढा चांगला माणूस आपल्यात आहे आणि मला कोणी बोललं नाही?" मी म्हटलं, चांगल्या माणसांचा गवगवा होत नाही, बाबा. पोर्तुगाल पास झाला. चित्राने मला उचलून गरकन फिरवलं, त्यात माझा चष्मा उडाला, पण आनंदच आहे.

इकडे सगळ्यांची तब्येत ठणठणीत. लहानांचे गालगुच्चे घे.

तुझी,
मनू

ता. क. महिपत कोणता म्हणून डोकं खाजवत बसली असशील. बसू नकोस. मलाही तो परवाच, बोलता बोलता झाला. नणंदेच्या दिराचा एवढ्यासाठी सांगितला, की इतक्या लांबचं नातं तपासायला कोणी जात नाही.

ता. क. प्रभाकर येतो आहे. पुढच्या रविवारी कोपरला, तुझ्याकडून महिपतचा पत्ता घ्यायला. भारदस्तसा एक पत्ता करून ठेव. तुझ्या मालकांना खोटं बोलता येत नाही, त्यांना सकाळीच खाडीवर पाठव. चित्राला सगळं ठाऊक आहे, ती धर्मशाळेतच राहणार, पण आता तिचं जाणं न जाणं तुझ्या तोंडावर आहे.

ता. क. खरं काम राहिलंच. विमलाबाईंनी विचारलं, महिपतचं लग्न झालंय का? माझ्या तोंडून 'नाही' गेलं. त्याला जन्माला घालायच्या गडबडीत लग्न कुठून सुचणार! आता त्यांना भाचीसाठी, शालनसाठी, त्याची पत्रिका हवी आहे. (त्या आपल्यातल्याच, तेव्हा जात आड येत नाही.) आणि प्रभाकर म्हणतो, सड्या माणसाच्या घरी पोरगी कशी उतरेल? तेव्हा हे पत्र मिळताक्षणी महिपतचं लग्न लावून टाक. बायको आपल्यातलीच बघ. आम्हाला आमंत्रण द्यायचं तू विसरलीस असं सांग. प्रभाकर रागावेल, चार शब्द बोलेल, ते पोरीसाठी ऐकून घे. तुझ्या मोरूच्या बारशाला बोलवायला तू खरोखरच विसरली होतीस, तेव्हा मी काही बोलले होते का?