नाशिकच्या गाडीआधी

ममता,

नाशिकला बाळ येशूच्या यात्रेची गाडी नऊला फाट्यावरून निघते. भाकरी, ठेचा, गुडघ्याचं तेल बांधून घेतलं. शेळीला पाणी दाखव, तुला सांगावंच लागतं.

काल चर्चमध्ये कबुलीला बसले आणि तुझीच पापं सांगत राहिले. फादर म्हणाले, "दिवालीबाई, सुनेची राहू द्या, तुमची सांगा."

मग सांगितलं. तुझं बाळ पोटातच गेलं, तेव्हा बठ्ठ्या बायांसमोर, साऱ्या गावासमोर, मी तुझ्या हट्टाला दोष दिला. पाण्याचे हंडे तुला मीच उचलायला लावले होते.

फादर म्हणाले, आधी घरात माफी मागा, मग यात्रा. तोंडावर मागायला जीभ वळत नाही. थकले मी या जिभेला. माफ केलं असशील तर फाट्यावर ये, बोलली नाहीस तरी चालेल. नाही आलीस तर गाडी जाऊ देईन.

सासू